कृषक-मंडळाची चित्रवाहिनी आणि तिचा प्रेक्षक

आमच्या मंडळानें यूट्यूबवर स्वतःची चित्रवाहिनी सुरू केली त्यास आतां एक वर्ष होत आलें. ह्या अवधींत तिच्यावर जे व्हिडिओ प्रसिद्ध झाले त्यांतील बहुतेकांस शंभर प्रेक्षकहि लाभले नाहींत. आणि वार्षिक सभा जवळ आल्यामुळें हा खर्च चालू ठेवावा कीं बंद करावा, असा प्रश्न कांहीं सभासदांनीं उपस्थित केला आहे. प्रश्न रास्त आहे. मंडळाचा पैसा हा वर्गणीचा पैसा असल्यामुळें त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. परंतु वाहिनी बंद करावी हें मत आम्हांस मान्य नाहीं. तसेंच, कोणत्याहि उपायानें एकदां प्रेक्षक वाढवावे असें जें दुसरें मत आमच्या तरुण सभासदांत बळावत आहे, तेंहि आम्हांस धोक्याचें वाटतें.

प्रथम आमचा दोष आम्हीं पदरीं घ्यावा हें बरें. वाहिनीवरील पहिला व्हिडिओ उद्घाटनसमारंभाचा होता. दीपप्रज्वलन, हारतुरे, पाहुण्यांचा परिचय व अध्यक्षांचें भाषण मिळून तो चाळीस मिनिटांचा झाला. त्यामागून आलेले व्हिडिओहि बहुतेक सभासंमेलनांचेच. ज्याच्या कपाशीवर तुडतुडे पडले आहेत तो शेतकरी बांधावर उभा राहून आमचे हारतुरे कां पाहील? प्रेक्षकांनीं व्हिडिओ कोणत्या क्षणीं सोडला याचा आलेख यूट्यूब वाहिनीच्या चालकास दाखवीत असतें. आमचा आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटांतच, विहिरींत दगड पडावा तसा, खालीं गेलेला आढळला. ही गोष्ट केवळ आमच्या मानापमानापुरती नाहीं. कोणता व्हिडिओ आणखी कोणापुढें मांडावयाचा हें ठरवितांना, तो किती वेळां उघडला गेला हें यूट्यूब पूर्वीं मुख्यतः पाहत असे. २०१२ सालीं तें धोरण बदललें, व प्रेक्षक किती वेळ पाहत राहिला यास अधिक वजन मिळालें. अर्थात् जो व्हिडिओ लोक अर्ध्यावर टाकतात तो पुढें फारसा कोणास दाखविलाच जात नाहीं. यांत यंत्राचा पक्षपात नाहीं. बाजारांत ज्या ढिगाजवळ एक गिऱ्हाईक थांबत नाहीं तेथें दुसरें वळत नाहीं, तशांतलाच हा प्रकार आहे.

मग काय दाखवावें? ह्याचें उत्तर शेतकऱ्याच्या हंगामांत शोधावें असें आमचें मत आहे. सोयाबीनचें उदाहरण घेऊं. घरचें बियाणें पेरावयाचें असेल तर त्याची उगवणशक्ति आधीं तपासली पाहिजे, हें सर्वांस ठाऊक आहे. प्रत्यक्ष तपासणारे थोडे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळींनें मांडावे, गोणपाट गुंडाळून सावलींत ओलें ठेवावें, आणि सुमारें आठवड्यानें चांगले कोंब आलेले दाणे मोजावे. सत्तर किंवा त्याहून अधिक निघाले तर एकरीं ३० किलोचें नेहमींचें प्रमाण पुरतें. कमी निघाले तर त्या मानानें बियाणें वाढवावें लागतें. एवढी गोष्ट चार मिनिटांत दाखवितां येते. परंतु ती मे महिन्याच्या आरंभीं दाखविली तरच तिचा उपयोग. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून पेरण्या सुरू झाल्यावर ती दाखविली तर कोणाच्या काय कामाची? रब्बी कांद्याच्या रोपवाटिकेचा आमचा व्हिडिओ जानेवारींत, म्हणजे शेतांत लावण चालू असतांना, प्रसिद्ध झाला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे. रोपें टाकण्याचे दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरांतच सरले होते. तो कोणी पाहिला नाहीं यांत नवल तें काय? उलट, वेळेवर आलेला व्हिडिओ त्या एका वर्षानें संपत नाहीं. पुढच्या मे महिन्यांत तीच शंका पुनः निघते, तोच शोध होतो आणि तोच व्हिडिओ पुनः सांपडतो. आमच्या ह्या मासिकाच्या जुन्या अंकांस तें भाग्य नाहीं.

शीर्षकाविषयींहि आमची चूक झाली. ‘रसशोषक किडींचें एकात्मिक व्यवस्थापन’ असें लिहिलें कीं कृषि-महाविद्यालयांतील मंडळींच्या माना डोलतील. परंतु शेतकरी मोबाईलला विचारतो तें ‘कपाशीवर मावा आला, काय करावें’ असें. आतां कित्येकजण अक्षरें लिहीतहि नाहींत, बोलूनच विचारतात. विदर्भांतील शेतकरी पऱ्हाटी म्हणेल, दुसरा कोणी कपाशी म्हणेल. दोन्ही शब्द शीर्षकांत किंवा त्याखालील वर्णनांत आलेच पाहिजेत. व्हिडिओच्या मुखचित्रावर रोगट पानाचें स्वच्छ छायाचित्र असावें, पदाधिकाऱ्यांचें नसावें. (ह्या सूचनेनें कांहीं स्नेही रुष्ट होतील, त्यास आमचा इलाज नाहीं.) आणि आवाज! चित्र थोडें अंधुक असलें तरी शेतकरी पाहून घेईल, पण वाऱ्याच्या घोंघाटांत शब्द कळेनासा झाला कीं तो तत्काळ बंद करील. महाग कॅमेऱ्यावर पैसे घालण्यापूर्वीं सदऱ्याच्या गळ्याशीं लावावयाचा लहान माईक घ्यावा.

ही सर्व नवी विद्या आहे व तींत जुन्या लोकांचें काम नाहीं, असें कित्येकांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. १९५६ सालीं पुणें आकाशवाणीनें युनेस्कोच्या साहाय्यानें शेतकऱ्यांसाठीं एक प्रयोग केला. पांच मराठी जिल्ह्यांतील १५० गांवांत श्रोत्यांचे गट बसविण्यांत आले, आणि दहा आठवडेपर्यंत, आठवड्यांतून दोन वेळां, अर्ध्या तासाचा कार्यक्रम त्यांस ऐकविण्यांत आला. कार्यक्रम संपल्याबरोबर मंडळी उठून जात नसत. ऐकलेल्या गोष्टीची गटांत चर्चा होई, शंका लिहून आकाशवाणीकडे जात, आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांतील कांहींचीं उत्तरें मिळत. १९५९ पासून ही योजना देशांत इतरत्रहि नेण्यांत आली. त्या गांवांतून केवळ रेडिओची पेटी नेऊन ठेविली असती तर चार दिवस गाणीं ऐकून लोक घरोघर गेले असते. आपण विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर येतें, ह्या अनुभवानें त्यांस धरून ठेविलें, असें आम्ही समजतों. पुढें २००६ सालीं मायक्रोसॉफ्टच्या बेंगळूर येथील संशोधन-शाखेंत ‘डिजिटल ग्रीन’ ह्या नांवानें जें कार्य सुरू झालें त्यांतहि हाच धागा दिसतो. जवळपासच्या शेतकऱ्यांचेच व्हिडिओ घ्यावयाचे, आणि ते लहान गटांपुढें मध्यें मध्यें थांबवून प्रश्नोत्तरें करीत दाखवावयाचे, अशी त्यांची रीत होती.

आतां आमच्या वाहिनीची स्थिति पाहा. व्हिडिओखालीं शेतकऱ्यांनीं ज्या शंका लिहिल्या त्यांतील कित्येक महिनेन् महिने अनुत्तरित पडून आहेत. एका गृहस्थांनीं हळदीच्या कंदकुजीविषयीं तीन वेळां विचारलें. चौथ्या वेळीं त्यांनीं विचारणें सोडलें. प्रेक्षक मिळत नाहींत म्हणून आम्ही रडत होतों, आणि जो मिळाला होता तो आमच्या हातून असा निसटला. प्रत्येक शंकेस आठ दिवसांच्या आंत उत्तर, आणि एकच शंका अनेकांची असेल तर तिच्यावर स्वतंत्र व्हिडिओ, एवढा एक नियम कार्यकारी समितीनें केला तरी पुष्कळ होईल.

तरुण मंडळींच्या मताकडे आतां वळूं. पैसे भरले कीं हजारों ‘सबस्क्रायबर’ मिळवून देणारे दलाल निघाले आहेत, त्यांची मदत घ्यावी असें एक सूचना-पत्र आमच्याकडे आलें आहे. असे खोटे आंकडे यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहेत व उघडकीस आल्यास ते काढून टाकले जातात, हा त्यांतील लहान दोष. मोठा दोष असा कीं विकत आणलेला सदस्य सोयाबीन पेरीत नाहीं. तो व्हिडिओ पाहत नाहीं, आणि वर सांगितल्याप्रमाणें न पाहणाऱ्यांचा भार व्हिडिओसच खालीं ओढतो. वाहिनीपासून उत्पन्न होईल ही आशाहि हिशेबानें तपासावी. जाहिरातीच्या उत्पन्नांत वाटा मिळण्यास १,००० सदस्य, आणि मागील बारा महिन्यांत लोकांनीं एकूण ४,००० तास व्हिडिओ पाहिलेले, अशी अट आहे. (अगदीं आखूड व्हिडिओंसाठीं निराळी अट आहे, ती येथें नको.) ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटें. एका वेळीं प्रेक्षक सरासरी चार मिनिटें थांबतो असें धरलें तर व्हिडिओ ६०,००० वेळां पाहिले गेले पाहिजेत. एका तालुक्याच्या मंडळास हें अशक्य नाहीं. पण जें काय मिळेल तें माईक व प्रवासखर्च यांस पुरलें तरी धन्यता मानावी.

ह्याहून गंभीर गोष्ट औषधविक्रेत्यांच्या पैशाची आहे. आपल्या औषधाचें नांव सल्ल्यांत सहज म्हणून घ्यावें, त्याबद्दल वाहिनीचा खर्च आम्ही उचलूं, असा निरोप आम्हांस एका विक्रेत्याकडून आला होता. रक्कम मोहांत पाडणारी होती. आम्हीं ती नाकारली आणि त्यावरून समितींत वादहि झाला. जाहिरात ही जाहिरात म्हणून उघडपणें दाखवावी यास आमची हरकत नाहीं. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी सांगितली पाहिजे असा यूट्यूबचा नियमच आहे. परंतु सल्ल्याच्या पांघरुणाखालीं माल विकणें ही फसवणूक होय. २०१७ च्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले, हें आपण विसरलों काय? अमुक दोन औषधें एकत्र मिसळा, चौथे दिवशीं पीक हिरवेंगार, असें सांगणारे व्हिडिओ आज मोबाईलवर वाटेल तितके आहेत, आणि त्यांस प्रेक्षकहि भरपूर आहेत. त्यांच्याशीं संख्येची चढाओढ करूं गेलों तर त्यांच्यासारखेंच बोलावें लागेल. आमच्या व्हिडिओंत डब्यावरील लेबलांत त्या पिकासाठीं व त्या किडीसाठीं ज्याची शिफारस नाहीं असें औषध सांगितलें जाऊं नये, लेबलावरील त्रिकोणाचा रंग दाखविल्यावांचून औषधाचें नांव घेतलें जाऊं नये, आणि फवारणारा माणूस हातमोजे व तोंडास फडकें यांशिवाय चित्रांत दिसूं नये. ह्यामुळें पांच प्रेक्षक कमी झाले तर होवोत.

ज्या प्रयोगांत नुकसान झालें तोहि दाखवावा, असें आम्ही सुचवितों. ठिबकाच्या नळ्या क्षारानें बंद पडून ज्याचा ऊस वाळला त्या सभासदास कॅमेऱ्यापुढें येण्याचा संकोच वाटतो, हें खरें. तरी तो आला तर शेजारच्या दहा गांवांतले ऊसवाले तें शेवटपर्यंत पाहतील अशी आमची खात्री आहे.

प्रसाराविषयीं एक लहानशी सूचना. कित्येक सभासद आमचा व्हिडिओ उतरवून घेऊन तो तसाच व्हॉट्सॲपवरून पाठवितात. हेतु चांगला, पण तशा रीतीनें पाहिलेला व्हिडिओ वाहिनीच्या मोजणींत येत नाहीं, आणि पाहणाऱ्याची शंकाहि आमच्यापर्यंत पोहोंचत नाहीं. फाईल न पाठवितां दुवा पाठवावा.

वार्षिक सभेपुढें आमची मागणी इतकीच आहे कीं आणखी दोन हंगाम ही वाहिनी चालू ठेवावी. उगवणशक्तीच्या चाचणीचा व्हिडिओ येत्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत प्रसिद्ध करावयाचा आहे, आणि तो शक्य तितक्या गांवांत गट बसवून दाखवावा असा बेत आहे. चावडी, देऊळ अथवा सोसायटीची कचेरी, जेथें वीस माणसें बसूं शकतील अशी जागा व एक संध्याकाळ ज्यांस देतां येईल त्यांनीं गांवाचें नांव कचेरींत कळवावें. चाचणीसाठीं ज्याचे दाणे घ्यावयाचे तें बियाणें मात्र त्याच गांवच्या शेतकऱ्याच्या घरचें असावें.