खेळ आणि अभ्यास

जो मुलगा खेळतो तो अभ्यासात मागे पडतो, अशी पुष्कळ वडीलधाऱ्या माणसांची समजूत असते. ही समजूत अगदीच निराधार नाही. दिवसाचे तास चोवीसच. आणि दमलेल्या शरीराला पुस्तकापुढे झोप येते, हा अनुभव प्रत्येक खेळाडूला असतो. तरीही विद्या आणि खेळ यांचे हाडवैर आहे, असे मानणे योग्य नव्हे.

रॉजर बॅनिस्टर हा लंडनमधील सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यक शिकणारा विद्यार्थी होता. दुपारच्या सुट्टीत तो जवळच्या मैदानावर जाऊन धावे आणि लगेच कामावर परते. सरावाला वेळ मिळे तो जेमतेम अर्धा-पाऊण तास. पण त्यातला क्षणही तो व्यर्थ दवडीत नसे. पाव मैल वेगाने धावावे, थोडा विसावा घ्यावा, पुन्हा धावावे, असा त्याचा क्रम असे.

या मार्गाने त्याला नेहमीच यश आले, असे मात्र नाही. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत १५०० मीटरच्या शर्यतीत तो चौथा आला. त्याचा सराव अपुरा पडला, अशी टीका झाली. पण त्याने खेळ सोडला नाही, की अभ्यासही सोडला नाही. ६ मे १९५४ रोजी सकाळी रुग्णालयातील काम आटोपून तो आगगाडीने ऑक्सफर्डला गेला आणि सायंकाळी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत एक मैल धावला. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला मनुष्य होय. त्याच वर्षी शर्यतींचा निरोप घेऊन पुढे तो मज्जाविकारांचा नामांकित वैद्य झाला.

त्याच हेलसिंकीत खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे हे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. खेळणाऱ्या विद्यार्थ्यामागे गुरुजनही उभे राहावे लागतात, ते असे.

समतोल राखणे म्हणजे दोन्हींना सारखे तास देणे नव्हे. ज्या वेळी जे काम हाती असेल, त्यात सारे मन ओतणे म्हणजे समतोल. मैदानावर पुस्तकाची चिंता आणि पुस्तकापुढे मैदानाची स्वप्ने, अशा वृत्तीने दोन्ही बुडतात. दोन्ही साधू पाहणाऱ्याला कधी एखादे पदक, तर कधी काही गुण गमवावे लागतील. परंतु त्या हानीच्या भयाने मैदान किंवा ग्रंथालय यांपैकी एकाचे दार कायमचे बंद करणे, ही त्याहून मोठी हानी होय.