आग्रह

दिवाळीत आपल्याकडे पाहुण्याला 'पोट भरले' म्हणण्याची मुभाच नसते. 'एक चकली तरी घ्याच!' ही रीत गोड खरी; पण आजारातही हाच आग्रह चालतो असे आपण धरून चालतो आणि तिथे घोटाळा होतो.

उमरखेड तालुक्यातल्या आमच्या ढाणकीत भाकरी नाकारणारी मुलगी एक तर रुसलेली, नाही तर नजर लागलेली! तिसरे कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. ओळखीच्या एका घरी असेच झाले. आई गयावया करी, वडील दम देत, आजी मीठमोहऱ्या उतरवी. वाळत चाललेली मुलगी शांतपणे म्हणे, "मला काही झालेलंच नाही."

हे दुखणे आजचे नव्हे. पॅरिसच्या डॉक्टर लासेग यांनी १८७३ सालीच लिहून ठेवले आहे की, अशा वेळी घरच्यांपाशी विनवणी आणि धमकी अशी दोनच साधने असतात, आणि दोन्ही फुकट जातात. पुढच्या वर्षी लंडनच्या विल्यम गल यांनी या आजाराला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले. मी पडलो भाषेचा मास्तर. 'अ‍ॅनोरेक्सिया' म्हणजे भूक नसणे, आणि हा अर्थ फसवा आहे. भूक बहुधा असते. वजन वाढण्याची भीती तिच्याहून मोठी असते. निदान एक गोष्ट तरी आपल्या ताब्यात आहे, असा दिलासाही त्या उपासातून पुष्कळांना मिळतो. तो कुणी हिसकावू लागले, की हात अधिकच घट्ट मिटतात.

मग मन वळवावे कसे? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूत अडकलेल्यांशी बोलण्याची एक निराळी रीत मांडली. पुढे ती या आजारातही वापरली गेली. माणसाच्या मनात 'बरे व्हावे' आणि 'नको' असे दोन पक्ष भांडत असतात. आपण एकाची वकिली केली, की तो दुसऱ्याची करतो! म्हणून वकिली सोडून विचारावे, न खाण्याने काय मिळाले आणि काय गेले? बरे होण्याचे कारण तिच्याच तोंडून यावे.

त्या मुलीला मी एवढेच विचारले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "काका, वाचलेलं डोक्यात राहत नाही. सारखी थंडी वाजते." डॉक्टरांकडे जायला तिला तेवढे कारण पुरले.

अर्थात असे बोलणे म्हणजे उपचार नव्हे, उपचाराचे दार. घेरी येत असेल, शरीर खंगले असेल, तर मनधरणीत दिवस न घालवता दवाखाना गाठावा. कोवळ्या वयात तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईबापांनाच जेवणाची सूत्रे हाती घ्यावी लागतात. आम्हांला यवतमाळचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय लांब. पण २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते.

तेव्हा मंडळी, यंदा फराळाला कुणी हात आखडला, तर लाडू पुढे सरकवण्याआधी जरा शेजारी बसा. चार शब्द ऐका. लाडू काय, डब्यात चार दिवस टिकतात!