पंचवीस लाखांचा हट्ट

नोसिल कंपनीचे २५ लाख रुपये सहा टक्के व्याजासह परत करा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारला बजावले. निवडणुकीच्या धामधुमीत या निकालाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. गेले असते तरी ‘एका कंपनीचे पैसे, तिचे ती बघून घेईल’ असे म्हणून बहुतेकांनी पान उलटले असते. पण न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या पीठाचे हे निकालपत्र वाचल्यावर मनात समाधानापेक्षा चीड अधिक येते. १९९२ सालच्या भांडवलवाढीपासून सुरू झालेली गोष्ट २०२४ साली संपावी, आणि संपताना सरकारच्या बाजूने टिकण्याजोगा एकही मुद्दा उरू नये, याला कायदेशीर लढाई म्हणायचे की नुसता हट्ट? मुद्रांक खात्याने परताव्याचा अर्ज फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने त्यात खात्याची चूक दाखवून दिली. तिथेच हा विषय मिटायला हवा होता. सरकारने मात्र दिल्लीची वाट धरली आणि तिथे पुन्हा तेच ऐकून घेतले.

प्रकरणातले गणित शाळकरी मुलालाही कळेल असे आहे. नोसिलचे अधिकृत भागभांडवल ३६ कोटींचे होते. १९९२ मध्ये ते ६०० कोटींवर नेले गेले. म्हणजे वाढ ५६४ कोटींची, आणि तिच्यावर ०.२ टक्के दराने कंपनीने भरलेले मुद्रांक शुल्क १ कोटी १२ लाख ८० हजार. त्यानंतर विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली आणि कंपनीच्या नियमावलीवरील, म्हणजे ‘आर्टिकल्स ऑफ असोसिएशन’वरील शुल्काला २५ लाखांची कमाल मर्यादा घातली. पुढे नोसिलने भांडवल ६०० कोटींवरून १,२०० कोटींवर नेले. कंपनी निबंधकांना त्याची सूचना ‘फॉर्म नंबर ५’ भरून द्यावी लागते. तो देताना कंपनीने २५ लाख रुपये भरून टाकले. मग कंपनीच्या ध्यानात आले, की कमाल मर्यादेच्या साडेचार पट शुल्क आपण याच नियमावलीवर आधीच भरलेले आहे, तेव्हा हे २५ लाख लागूच नव्हते. तिने ते परत मागितले. वाद एवढाच.

कमाल मर्यादा म्हणजे तिच्यापुढे काही नाही. राज्य सरकारला हेच मान्य नव्हते. त्याचा पहिला युक्तिवाद असा, की भांडवल वाढले की दरवेळी नवा फॉर्म भरला जातो, म्हणून दरवेळी नवा संलेख, म्हणजे मुद्रांक लागणारा दस्त, तयार होतो आणि दरवेळी २५ लाखांची मर्यादा नव्याने मोजायची. न्यायालयाने तो एका फटक्यात निकालात काढला. फॉर्म नंबर ५ ही निबंधकाला दिलेली नुसती सूचना आहे. तिने कोणताही हक्क जन्माला येत नाही. मुद्रांक लागतो तो नियमावलीला. कंपनी कायद्यानुसार नियमावलीत केलेला बदल मुळातच तिच्यात असल्यासारखा मानला जातो, म्हणजे नियमावली एकच राहते. हे मुद्रांक खात्यातल्या माणसांना ठाऊक नसेल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. सरकारचा अर्थ लावून पाहिला तर काय होते तेही पाहा. एखादी कंपनी पहिल्याच दिवशी १,२०० कोटी भांडवल घेऊन उभी राहिली, तर तिला शुल्क २५ लाख. दुसरी कंपनी हळूहळू धंदा वाढवत, चार टप्प्यांत त्याच १,२०० कोटींपर्यंत पोहोचली, तर तिला मात्र प्रत्येक टप्प्यावर नवे शुल्क आणि प्रत्येक टप्प्याला नवे छप्पर. भांडवल तेच, नियमावलीही एकच, मग जपून वाढणाऱ्याला दंड कशासाठी? विधिमंडळाला प्रत्येक वाढीवर स्वतंत्र मर्यादा हवी असती तर तसे चार शब्द लिहिणे त्याला जड नव्हते. त्याने ते लिहिले नाहीत. करकायद्यात जे लिहिलेले नाही ते खात्याने स्वतःच्या सोयीने वाचायचे नसते, हा या देशातल्या करविषयक न्यायनिवाड्याचा पहिला धडा आहे.

दुसरा युक्तिवाद थोडा अधिक चतुर होता, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. १९९२ चे शुल्क जुन्या कायद्याखाली भरले होते, तेव्हा मर्यादा नव्हती. नंतर आलेली मर्यादा मागे नेऊन लावता येणार नाही, तेव्हा ते एक कोटी बारा लाख मोजायचेच नाहीत, असे सरकारचे म्हणणे. वरवर ऐकले तर पटावे असे. पण कंपनीने जुने पैसे परत मागितलेच नव्हते. मर्यादा आल्यावर जादा भरलेले ८७ लाख ८० हजार आम्हाला द्या, असा तिचा दावा असता तर तो मर्यादा मागे नेण्याचा प्रकार ठरला असता. तिचा दावा नव्या शुल्कापुरता होता. नव्या कायद्याखाली शुल्क आकारताना, याच नियमावलीवर आजवर किती भरले गेले, हे पाहावेच लागते. ते न पाहण्याची मुभा सरकारला कोणत्या कलमाने दिली? एक कलमही पुढे करून झाले. संलेखात महत्त्वाचा फेरफार झाला तर नवे शुल्क लागते, असे सांगणारे मुद्रांक कायद्यातले १४ अ. पण त्याचा आधारही न्यायालयाला मान्य झाला नाही.

राहता राहिला तो खात्याच्या मनातला आक्षेप. पैसे आम्ही जबरदस्तीने घेतले नव्हते, तुम्हीच आणून भरलेत, आता कशाला मागता? हा सूर प्रत्येक कर कार्यालयात ऐकू येतो. राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ त्याला उत्तर देतो. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येत नाही आणि गोळाही करता येत नाही. ‘गोळा करणे’ तिथे मुद्दाम वेगळे लिहिले आहे. भरणाऱ्याने चुकून भरले म्हणून सरकारचा अधिकार जन्माला येत नाही. चुकीने दिलेला पैसा घेणाऱ्याने परत केला पाहिजे, हे भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सांगते. ती चूक कायद्याच्या समजुतीतली असली तरी हेच लागू होते आणि त्यातून सरकारही सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ प्रकरणात स्पष्ट केले. पुढे १९९६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात परताव्याच्या दाव्यांना लगाम घातला, हेही खरे. कराचा बोजा ग्राहकावर टाकून मोकळ्या झालेल्या उद्योजकाला परतावा देणे म्हणजे त्याची फुकटची कमाई, असे त्या निकालाने म्हटले. पण ते अबकारी करासारख्या अप्रत्यक्ष करांबाबत होते. स्वतःच्या भागभांडवलावरचे मुद्रांक शुल्क कंपनी कोणत्या ग्राहकाच्या बिलात लावणार? तो लगाम इथे लागू होत नाही.

आता वसुलीकडे वळू. याच मुद्रांक खात्याने डिसेंबर २०२३ मध्ये थकलेल्या शुल्कासाठी अभय योजना सुरू केली. तिच्यात १ जानेवारी १९८० ते ३१ डिसेंबर २०२० या काळातले दस्त येत होते. १९८० मधल्या सदनिकेच्या करारावर मुद्रांक कमी पडला असेल, तर खात्याला ते आजही आठवते. भरला नाही तर दरमहा दोन टक्के दंड, तोही कमी पडलेल्या रकमेच्या चौपटीपर्यंत. परताव्याला मात्र सहा महिने. बहुतेक प्रकरणांत तेवढ्या मुदतीत अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागद टेबलावर आले नाहीत, तर हक्क गेला, आणि मुदतीत आले तरी नियमाप्रमाणे काही रक्कम कापून घेतली जाणार. व्याजाचेही तसेच. नोसिलला न्यायालयाने दिलेले व्याज वर्षाला सहा टक्के, म्हणजे २५ लाखांवर दीड लाख. हेच २५ लाख कंपनीकडून सरकारला येणे असते, तर दरमहा दोन टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाला सहा लाखांचा दंड चढला असता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. खात्याच्या कारभाराचे याहून नेमके वर्णन मराठीत सापडणार नाही. मार्चअखेरीस उद्दिष्ट गाठायला सुट्टीच्या दिवशीही दस्तनोंदणीची कार्यालये उघडी ठेवणारी तत्परता परताव्याच्या फायलींच्या वाट्याला कधी येते का?

शेअर बाजारातील व्यवहारांवरचे मुद्रांक शुल्क पाहिले की हा विरोधाभास आणखी उठून दिसतो. शेअर हस्तांतरणावरील शुल्काचे दर ठरवणे हा केंद्राचा अधिकार, आणि कंपनीच्या नियमावलीवरील शुल्क राज्याच्या सूचीतले, अशी घटनेतली वाटणी आहे. १ जुलै २०२० पासून शेअर व्यवहारांना देशभर एकच दर लागू झाला. एक लाखाचे शेअर डिलिव्हरीने घेतले की खरेदीदाराच्या काँट्रॅक्ट नोटवर ब्रोकरेजच्या खाली मुद्रांक शुल्काची ओळ येते, रुपये १५. खरेदीदाराला ना चलन भरावे लागते ना कुठल्या कार्यालयात जावे लागते. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ते कापून घेते, महिना संपल्यावर तीन आठवड्यांच्या आत खरेदीदार ज्या राज्यात राहतो त्या राज्याच्या खात्यात जमा करते आणि या कामाबद्दल वसुलीच्या ०.२ टक्के स्वतःकडे ठेवते. पंधरा रुपयांचा हिशेब इतका चोख ठेवणारी यंत्रणा उभी राहू शकते, तर २५ लाखांचा परतावा द्यायला दोन पायऱ्यांची न्यायालये का लागावीत? पैसा तिजोरीकडे वळवताना जे तंत्रज्ञान हाताशी असते, ते तिजोरीतून बाहेर काढताना कुठे जाते? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. घेणाऱ्या खिडकीवर उद्दिष्ट असते. देणाऱ्या खिडकीवर नसते, उलट दिलेल्या प्रत्येक रुपयाबद्दल लेखापरीक्षणात प्रश्न विचारला जाईल ही भीती असते. म्हणून फाईलवर ‘नामंजूर’ असा शेरा मारणे हा अधिकाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित मार्ग. नामंजुरीचा जाब त्याला कुणी विचारत नाही.

एवढी मोठी कंपनी, तिला २५ लाखांचे काय, असे म्हणणारेही भेटतील. तिला काहीच नाही, हे मान्य. म्हणूनच तर ती दोन न्यायालये लढू शकली. वकिलांची फी, तारखा, कागदांचे गठ्ठे, हे सारे तिला परवडले. बिल्डरने फसवले म्हणून करार रद्द करावा लागलेला आणि मुद्रांकाचे पाच-सहा लाख अडकून पडलेला पगारदार काय करणार? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे त्याला आजोबांनीच सांगून ठेवलेले असते. मुंबईत एक कोटीच्या घरावर सहा टक्क्यांनी सहा लाख मुद्रांक जातो, आणि तो बहुधा कर्जातून भागवलेला असतो. अशा रद्द करारांच्या परताव्याची मुदत २०१५ मध्ये दोन वर्षांवरून सहा महिन्यांवर आणली गेली. ज्याला ताबा मिळाला नाही आणि बिल्डरकडून पैसेही परत मिळाले नाहीत, त्याच्याकडून सहा महिन्यांत सगळे कागद जमवण्याची अपेक्षा करणाऱ्या सरकारला कमाल मर्यादेसारख्या साध्या गोष्टीचा अर्थ समजून घ्यायला मात्र दशके पुरत नाहीत.

महसुलाचे नुकसान होईल, हा सरकारी वकिलांचा हुकमी एक्का. मुद्रांक व नोंदणी शुल्कातून राज्याला दरवर्षी हजारो कोटी मिळतात. त्यात २५ लाख किती? या लढाईवर झालेला खर्च आणि आता द्यावे लागणारे व्याज मिळून जो भुर्दंड पडेल, तो भरणार कोण? तोच करदाता, जो मुद्रांकही भरतो. अपील करा असे सुचवणारी टिपणी कुणी लिहिली आणि विधी व न्याय विभागाने तिला मान्यता देताना उच्च न्यायालयाचा निकाल वाचला होता का, हे महसूलमंत्र्यांनी विचारावे. नागरिकाचा न्याय्य दावा तांत्रिक मुद्द्यांच्या आड दडून बुडवणे शासनाला शोभत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मद्रास पोर्ट ट्रस्टच्या खटल्यात १९७९ मध्येच सांगितले होते. केंद्राने २०१० मध्ये राष्ट्रीय वादनीती आखली, तिच्यातही सरकारने जबाबदार पक्षकारासारखे वागावे असेच म्हटले आहे. कागदोपत्री यातले सगळे सर्वांना मान्य असते. प्रत्यक्षात सरकार हाच देशातला सर्वांत मोठा पक्षकार आणि त्याची अनेक अपिले केवळ ‘अपील केले नाही’ असा ठपका नको म्हणून होतात.

तेव्हा महसूल विभागाने आता तीन गोष्टी कराव्यात. नोसिलचे पैसे पुन्हा आदेशाची वाट न पाहता द्यावेत. भांडवलवाढीवर मर्यादेपलीकडे शुल्क घेतलेल्या ज्या ज्या कंपन्यांचे परताव्याचे अर्ज नोंदणी महानिरीक्षकांच्या आणि मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयांत पडून आहेत, ते या निकालाच्या आधारे स्वतःहून निकाली काढावेत, प्रत्येकीला वेगळी रिट याचिका करायला लावू नये. आणि परतावा उशिरा दिला तर नागरिकाकडून जितका घेता तितकाच, दरमहा दोन टक्के, मोबदला त्याला द्यावा, अशी दुरुस्ती पुढच्या अधिवेशनात आणावी. पहिल्या दोन गोष्टींना विधिमंडळाचीही गरज नाही, एका परिपत्रकात त्या होतील. अभय योजनेचे परिपत्रक काढताना याच कार्यालयाला किती वेळ लागला होता?