मौन म्हणजे प्रस्थान नव्हे

मार्गशीर्ष-पौषांत पहांटे अंगण मुकें वाटतें. कोकिळाचा पुकारा नाहीं, दयाळाची शीळ नाहीं, आणि मुलें विचारतात, “हीं पाखरें गेलीं तरी कोठें?” “गेलीं असतील दक्षिणेस,” असें सांगून वडील मंडळी मोकळी होतात. हें उत्तर बहुधा चुकीचें असतें.

सातारा-सांगलीकडील दयाळ हिवाळ्यांतहि येथेंच असतो आणि कोकीळहि बहुतांशीं येथेंच राहतो. पक्ष्याचें गाणें मुख्यतः जोडीदारासाठीं व आपली हद्द सांगण्यासाठीं असतें. विणीचा हंगाम सरला कीं कंठ मिटतो. दिवस वाढूं लागले कीं पुन्हा फुटतो. तोंवर कोकीळ वडा-पिंपळाच्या पानांआड फळें खात गप्प बसतो.

घरचा कोण आणि पाहुणा कोण, हें पाहावयाचें तर कृष्णेचा घाट गांठावा. वाईस, संगम माहुलीस किंवा सांगलीस पाण्याकाठीं शेपटी हालवीत फिरणारा मोठा धोबी बारमास आपला शेजारी. काळें कपाळ आणि पांढरी भुंवई ही त्याची खूण. पांढऱ्या कपाळाचा लहान धोबी मात्र हिमालयांतून वा त्याहि पलीकडून सप्टेंबर-ऑक्टोबरांत येतो व एप्रिलच्या सुमारास परततो. शाळूच्या शिवारांत थव्यांनीं उतरणारी गुलाबी भोरडीहि अशीच मध्य आशियाकडील पाहुणी. गोफण घेतलेल्या राखणदारास तिची ओळख करून द्यावयास नको! उलट चातक व नवरंग पावसाळ्यांत येतात आणि हिवाळ्यापूर्वीं निघून जातात.

हा भेद केवळ कुतूहलाचा नाहीं. पाहुणा न आला, तर कारण हजार कोसांवर असूं शकेल. घरचा पक्षी नाहींसा झाला, तर तें आधीं आपल्या आवारांत शोधावें लागतें. दयाळ झाडाच्या ढोलींत किंवा भिंतीच्या भोंकांत घरटें करतो. वाड्याची जुनी भिंत पडली, परसांतील पोकळ आंबा तोडला, कीं त्याचा संसार उठला. “गेला असेल दक्षिणेस” म्हणून आपण निश्चिंत राहिलों, तर चैत्रांतहि तो गात नाहीं हें कोणाच्या ध्यानांत यावें?

यास्तव घरांतील मुलांनीं एक वही घालावी. मुका दयाळ अंगणांत किडे टिपतांना दिसला तो दिवस, त्याची पहिली शीळ ऐकूं आली तो दिवस, आणि घाटावरील पाहुणा धोबी आला व गेला ते दिवस, एवढेंच तींत लिहावें. आजोबांनीं पक्षी दाखवावे, नातवंडांनीं तिथी लिहावी. दोन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या म्हणजे पोकळ झाडावर कुऱ्हाड घालण्यापूर्वीं ती वही उघडून पाहतां येईल.