मोटर सर्वांत शेवटी

रिमोटवर चालणारी जहाजाची प्रतिकृती तळ्यात सोडली आणि ती संथ वाटली, की हौशी माणसाचा पहिला हात मोटरला जातो. मोटर मोठी येते, बॅटरीत एक सेल वाढतो, पंखाही मोठा बसतो. मग बोट नाळ वर उचलून पळू लागते, मागचा भाग पाण्यात रुततो, आणि पहिल्याच वळणावर ती धोकादायक कलते. तो कल सावरायला तळात शिसे भरले जाते, वजनाने वेग पुन्हा उतरतो, आणि आणखी मोठ्या मोटरचा शोध सुरू होतो. मुळात हा क्रमच उलटा आहे. प्रतिकृतीत सुधारणा करायची तर सुरुवात वजनाच्या मांडणीपासून व्हावी, त्यानंतर बूड, सुकाणू आणि पंखा हाती घ्यावा, आणि मोटरचा विचार सर्वांत शेवटी करावा. बहुतेक वेळा तिथवर जाण्याची गरजच उरत नाही.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि 1997 मध्ये नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस दिल्ली’ ही विनाशिका घ्या. लांबी 163 मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे 6,700 टन, वेग 28 नॉटच्या घरात. हिची शंभरपट लहान प्रतिकृती 1.63 मीटर लांबीची होईल. लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही बाजूंनी शंभराने भाग गेल्यामुळे वजन दहा लाख पटींनी घटेल आणि 6.7 किलो भरेल. वेगाचे गणित मात्र वेगळे आहे. तो लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून 28 नॉटला शंभराने नव्हे, दहाने भागायचे. उत्तर येते 2.8 नॉट, म्हणजे ताशी पाच किलोमीटरच्या थोडे वर. माणसाच्या चालण्याइतका हा वेग त्या प्रतिकृतीचा खरा, पूर्ण वेग आहे. हा नियम इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड याचा. 1867 मध्ये त्याने डार्ट नदीत ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ या दोन वेगळ्या घाटांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या, आणि 1872 पासून टॉर्की इथे खास बांधलेल्या हौदात प्रयोग केले. जगभरच्या जहाजांचे आराखडे आजही याच नियमाने पारखले जातात. आपल्याकडे खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या आणि सांडव्यांच्या प्रतिकृतींवर काम चालते, तेही याच नियमाच्या आधाराने.

यापुढे वेग वाढवायचा म्हटले की अडचण मोटरची नसते, पाण्याची असते. बोट पाणी सारत निघाली की नाळेशी लाट उठते, आणि वेगाबरोबर ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी बोटीच्या लांबीइतकी झाली, की बोट स्वतःच उठवलेल्या दोन उंचवट्यांच्या मधल्या खळग्यात सापडते. तिथून पुढे प्रत्येक पाऊल चढणीचे. दीड-पावणेदोन मीटरच्या बोटीला ही हद्द ताशी पावणेसहा किलोमीटरच्या आसपास लागते. वजनदार, गोल बुडाच्या जहाजाला ती ओलांडायला लावायचे तर शक्ती बेसुमार लागते आणि वेग जेमतेम वाढतो. शक्तीचे आकडे तर थक्क करणारे आहेत. फ्रूडच्या नियमाने शंभरपट लहान प्रतिकृतीला खऱ्या जहाजाच्या एक कोटीव्या हिश्श्याइतकी शक्ती लागते. पन्नास हजार किलोवॉटच्या जहाजाची प्रतिकृती कागदावर पाच वॉटवर चालेल, मोबाइलच्या साध्या चार्जरइतक्या. लहान बोटीला पाण्याचे घर्षण तुलनेने जास्त जाचते आणि छोटा पंखाही तितका कार्यक्षम नसतो, म्हणून प्रत्यक्षात याच्या काही पट धरावे. तरी शेकडो वॉटची मोटर तिथे कशासाठी? दोनऐवजी तीन सेलची बॅटरी लावली आणि पंखा तोच ठेवला, तर फेरे दीडपट होऊ पाहतात. त्यासाठी शक्ती सुमारे 3.4 पट लागते आणि विद्युतप्रवाह सव्वादोन पट. तो सोसायची तयारी नसलेला वेगनियंत्रक आणि तारा तापतात, आणि पाण्याच्या मधोमध बोट बंद पडते.

आता तोल. जहाज समुद्रात स्थिर राहते, मग त्याची हुबेहूब प्रतिकृतीही तळ्यात स्थिर राहायला हवी, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि त्याची कारणे अशी आहेत की एकदा कळली की प्रतिकृतीकडे बघण्याची नजरच बदलते. खऱ्या जहाजाचा पत्रा शंभराने भागला तर कागदाइतका पातळ होतो, तसा कोणी लावू शकत नाही. त्यामुळे प्रतिकृतीचे वरचे मजले, डोलकाठ्या, तोफा, रडार हे सारे प्रमाणापेक्षा जड होते आणि गुरुत्वमध्य वर सरकतो. शिवाय वारा आणि लाटा आपल्यासाठी लहान होत नाहीत. तळ्यावर ताशी 20 किलोमीटरची झुळूक असली, तर शंभरपट लहान जहाजाच्या लेखी ते ताशी 200 किलोमीटरचे वादळ असते. दहा सेंटिमीटरची लहर त्याच्यासाठी दहा मीटरची लाट असते. ज्या हवामानात कोणताही कप्तान बंदर सोडणार नाही, त्यात आपण आपले जहाज रोज पाठवतो. म्हणून प्रतिकृतीचा तोल मूळ जहाजापेक्षा चांगला असावा लागतो, आणि तो मोजता येतो. बोट स्थिर पाण्यात ठेवायची, डेकवरचे 100 ग्रॅमचे वजन मध्यापासून सहा सेंटिमीटर बाजूला सरकवायचे आणि ओळंब्याने कल मोजायचा. 6.7 किलोची बोट पाच अंश कलली, तर गुरुत्वमध्य आणि तोलबिंदू (मेटासेंटर) यांच्यातले अंतर साधारण एक सेंटिमीटर आहे. हे अंतर जितके जास्त, तितका तोल पक्का. नवे जहाज ताब्यात देण्याआधी गोदीत हीच चाचणी घेतात. प्रतिकृतीसाठी तिला वजनकाटा, पट्टी आणि दोरा एवढेच लागते, आणि तरीही ती क्वचितच कोणी करते.

अंतर कमी निघाले तर तळात शिसे भरून मोकळे व्हायचे का? आधी वरचे वजन उतरवावे. वरचे मजले पातळ प्लास्टिकच्या पत्र्याचे करावेत, बॅटरी तळाला आणि लांबीच्या मध्याजवळ घट्ट बसवावी, सर्व्हो आणि रिसीव्हर खाली न्यावेत. शिशाची पाळी त्यानंतर. नुसते वजन वाढवत गेले की बोट खोल बसते आणि डेकची कड पाण्याजवळ येते. ब्रिटिश युद्धनौका ‘कॅप्टन’ ठरलेल्या वजनापेक्षा कितीतरी जड झाली होती, आणि मुळात ठेंगणी असलेली तिची बाजू त्यामुळे आणखी पाण्यालगत आली होती. सप्टेंबर 1870 मध्ये केप फिनिस्टेरजवळच्या वादळात ती शिडांसह कलली, डेकची कड पाण्यात गेली आणि जवळपास 480 माणसांसह ती बुडाली. हलकी, बाजू उंच ठेवलेली आणि वजन तळाशी असलेली बोट तोलालाही बरी आणि वेगालाही, कारण कमी वजन म्हणजे कमी सारलेले पाणी. बुडाच्या दोन्ही वळणांवर पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने बसवलेल्या अरुंद पट्ट्या हेलकावे चांगलेच आवरतात. फ्रूड त्यांचा मोठा पुरस्कर्ता होता. आत शिरलेल्या पेलाभर पाण्याकडेही दुर्लक्ष नको. बोट कलली की तेही त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते.

वेग हवाच असेल, तर तो दांड्यात, पंख्यात आणि बुडाच्या घोटाईत दडलेला असतो. वाकडा जोडलेला दांडा मोटरची बरीच मेहनत घर्षणात घालवतो. पृष्ठभागाच्या फार जवळ बसवलेला पंखा हवा ओढतो आणि नुसता फेस करतो. चार्ल्स पार्सन्सची ‘टर्बिनिया’ 1894 मध्ये पाण्यात उतरली तेव्हा यंत्र ताकदवान असूनही तिचा वेग 20 नॉटच्या आतच राहिला. एकच पंखा इतका वेगाने फिरत होता की त्याच्याभोवती पोकळ्या तयार होत आणि त्याला पाण्याची पकडच मिळत नसे. पार्सन्सने पाण्याचा बोगदा बांधून ते निरखले, एका दांड्याऐवजी तीन दांडे घातले आणि प्रत्येकावर तीन पंखे बसवले. 1897 मध्ये स्पिटहेडच्या आरमारी सोहळ्यात 34 नॉटच्या पुढे धावणाऱ्या त्या बोटीला गाठणे तिथल्या कोणत्याही गस्तीनौकेला जमले नाही.

यावर एक आक्षेप मनापासूनचा असतो. हा शेवटी छंद आहे, मुलांना पळणारी बोट हवी असते, चालण्याच्या वेगाचे जहाज कोण बघणार? वेगाच्या आनंदाशी भांडण नाहीच. मात्र त्यासाठी त्या जातीची बोट घ्यावी. ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’नेच दाखवले होते, की एक घाट सगळ्या वेगांना सरस ठरत नाही. 45 नॉटने जाणाऱ्या तटरक्षक इंटरसेप्टर बोटीची वीसपट लहान प्रतिकृती नियमाने ताशी 18 किलोमीटरच्या वर जायला हवी, आणि तिचे सपाट, धारदार कडांचे बूड पाण्यावर उचलले जाण्यासाठीच घडवलेले असते. तिथे शक्तिशाली मोटर आणि मागच्या झडपा शोभतात, आणि वजन मध्याच्या बरेच मागे घ्यावे लागते. तोच संच विनाशिकेच्या गोल बुडात भरला तर ना वेग मिळतो ना रूप. संथपणाबद्दल म्हणाल, तर सिनेमावाल्यांनी हे कोडे कधीच सोडवले आहे. सोळापट लहान जहाजाचे चित्रण ते चौपट फ्रेमनी करतात, आणि पडद्यावर लाटांना खऱ्या समुद्राचे वजन येते. योग्य वेगाने चाललेल्या प्रतिकृतीच्या नाळेशी उठणारी लाट मूळ जहाजाच्या लाटेसारखीच दिसते. तिप्पट वेगाने पळवली, तर पाणी लगेच सांगते की हे खेळणे आहे.

एनसीसीच्या नौदल शाखेत शिपमॉडेलिंग शिकवले जाते, आणि अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुले रिमोटच्या बोटी बनवतात. शर्यतीत फक्त वेळ मोजली, तर मुले पैसे जमवून मोटर विकत आणतील. स्पर्धेआधी प्रत्येक संघाने बोटीचे वजन, तिचा प्रमाणातला वेग आणि कलचाचणीचा आकडा स्वतः काढून परीक्षकांपुढे ठेवावा. परीक्षकांनी तीच चाचणी समोर करवून घ्यावी, दिलेला वेग दोन खुणांमध्ये तपासावा, आणि प्रमाणातल्या वेगाच्या जितके जवळ तितके गुण द्यावेत. मोटरच्या वॉटवर मर्यादा घालावी आणि ती प्रतिकृतीच्या आकारानुसार ठरवावी. यासाठी लागणारे साहित्य कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत आहे.