नव्या किडनीचा ताप अंगावर काढू नका

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू होती. आपल्याच तालुक्यातल्या एका खेड्यातला तिशीतला शेतकरी घाईघाईने दवाखान्यात आला. सात-आठ महिन्यांपूर्वी आईने त्याला किडनी दिली होती. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दोन दिवसांपासून बारीक ताप आहे, अन् पोटाच्या उजव्या बाजूला जड जड वाटते. माल भरायचा आहे, एक इंजेक्शन देऊन टाका." आणि मी ते देऊन टाकले. दुखणे थांबवणारे इंजेक्शन आणि लघवीच्या जंतुसंसर्गासाठी पाच दिवसांच्या गोळ्या. चौथ्या दिवशी पाय सुजले, तेव्हा रक्त तपासले. १.१ असणारे क्रिएटिनिन २.६ झाले होते. नागपूरला बायोप्सी केली असता शरीराने नवी किडनी नाकारायला सुरुवात केल्याचे दिसले. तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड दिल्यावर आकडा १.७ वर थांबला, पुन्हा १.१ वर आला नाही. ते चार दिवस माझ्या नावावर जमा आहेत, म्हणून हा विषय घेतला.

वाचकहो, किडनी घरातल्याच माणसाची असली तरी शरीराला ती परकीच वाटते. १९५४ साली बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून शरीराने तक्रार केली नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९६५ मध्ये आपल्या देशातला पहिला प्रयत्न झाला आणि १९७१ मध्ये वेल्लोरला यश आले. आज नागपूरच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयातही हे ऑपरेशन होते. पण ऑपरेशन जमले म्हणजे शरीराचा विरोध संपला असे नव्हे. तो गोळ्यांनी दाबून ठेवावा लागतो, आणि तोही जन्मभर.

हा विरोध उफाळण्याची भीती पहिल्या वर्षात, त्यातही सुरुवातीच्या काही महिन्यांत जास्त असते. पुढे गोळ्या चुकल्या तर कधीही. लघवी कमी होणे, एक-दोन दिवसांत वजन वाढणे, पाय किंवा चेहरा सुजणे, रक्तदाब चढणे, ताप येणे, नव्या किडनीच्या जागी दुखणे ही लक्षणे आहेत. लोक कंबर चाचपून बघतात, पण नवी किडनी कमरेत नसून ओटीपोटात एका बाजूला बसवलेली असते. आणि खरी अडचण अशी की पुष्कळदा यातले एकही लक्षण दिसत नाही. माणूस शेतात काम करत असतो आणि फक्त रक्तातला आकडा वाढत असतो.

त्या आकड्याबद्दल एक गैरसमज फार आहे. लॅबच्या कागदावर १.३ पर्यंत 'नॉर्मल' छापलेले असते, म्हणून १.३ आले की घरचे निश्चिंत होतात. ज्याचे नेहमी ०.९ असते, त्याच्यासाठी १.३ ही धोक्याची घंटा आहे. तुलना छापील आकड्याशी नाही, स्वतःच्या मागच्या रिपोर्टांशी करायची. म्हणून सगळे रिपोर्ट एका पिशवीत तारीखवार ठेवा आणि शक्यतो तपासणी एकाच लॅबमध्ये करा. टॅक्रोलिमसची पातळी तपासायची असेल तर सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. हे न पाळल्याने चुकीचे रिपोर्ट घेऊन लोक नागपूरहून परत येतात.

गोळ्या का चुकतात? पैसे संपतात, लग्नाला गेल्यावर डबी घरी राहते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे "आता मी ठणठणीत आहे" असे वाटू लागते. कोरोनानंतर गुळवेलीचा काढा घरोघर शिरला. प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून तो या रुग्णालाही पाजतात! अहो, इथे तीच शक्ती आवरून धरायची आहे. संत्री चालतात का, हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. संत्र्याने टॅक्रोलिमसची पातळी बिघडत नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र टाळा. रक्तातले पोटॅशियम वाढले असेल तर संत्रीही तज्ज्ञांना विचारूनच खा.

माझ्या व्यवसायबंधूंनाही थोडे सांगायचे आहे. या रुग्णाला डायक्लोफेनॅक देऊ नका. क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी पार खाली आणते आणि क्लॅरिथ्रोमायसिन ती भलतीच वर नेते. ताप हा नकाराचा असतो, तसा जंतुसंसर्गाचाही असतो. दोन्हींचे उपचार उलटे, आणि नुसत्या स्टेथोस्कोपने फरक कळत नाही. त्या दिवशी माझ्या हातून व्हायला हवे होते ते एवढेच: त्याच दिवशी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी, आणि इंजेक्शन भरण्याआधी त्याच्या किडनीतज्ज्ञांना फोन.

रुग्णानेही त्या फोनचा संकोच धरू नये. रात्री उलट्या होऊन गोळ्या पोटात टिकत नसतील तर सकाळची वाट पाहू नका. नरखेडहून नागपूर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, गाडी ठरवण्यातच दोन तास जातात. फोन आधी करा, गाडी नंतर बघा, आणि कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

तो शेतकरी आता महिन्यातून एकदा बागेत जाण्याआधी रक्त देऊन जातो. मागच्या वेळीही १.७ च होते.