पाटे किती घालावेत?

ज्याची हयात व्याकरण शिकविण्यात आणि निबंध तपासण्यात गेली त्याने जीपगाडीच्या स्प्रिंगांवर लिहावयास बसावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु डिचोलीत वाढून पेडण्यात नोकरी केलेल्या माणसाला गाडीचे पाटे ठाऊक नसणे हे त्याहूनही चमत्कारिक होय. शिवाय आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण हल्ली सुटीत स्वतःची मोठी गाडी हाकीत गोव्यास येतात आणि ‘ही कुठेही जाते’ असे अभिमानाने सांगतात. कुठेही जाणारी गाडी अद्याप कोणी केलेली नाही. अमुक जमिनीसाठी आणि अमुक ओझ्यासाठी जुळविलेली गाडी तेवढी असते.

आधी जमिनीचेच पाहू. आमच्याकडच्या शेतकऱ्याने भातजमिनीची तीन नावे फार पूर्वीच ठरवून टाकली आहेत. डोंगरउताराची ती मोरड. मधल्या पट्ट्यातील रेताड ती खेर. आणि खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली ती खाजन. पेडणे तालुक्यात या तिन्ही आहेत, आणि त्यांच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा सडा आहे. मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला, ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटनही झाले. पण सड्यावरची आडवाट आजही चिऱ्याच्या उघड्या पाठीवरूनच जाते. डिचोलीत याच्या जोडीला खाणींचे रस्ते आले. उन्हाळ्यात तांबडी धूळ, पावसाळ्यात तांबडा चिखल. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलुखात एकच रस्ता मे महिन्यात एक असतो आणि जुलैत दुसराच.

बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाक दगडावर चढले की कणा चढतो, कण्यापाठोपाठ चौकट चढते आणि चौकटीत बसलेला माणूसही. घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पोलादी पाट्यांचे एकस्व इंग्लंडात ओबाडाया इलियट याने १८०४ साली घेतले. चाकाने वर-खाली व्हावे आणि माणसाने शक्यतो होऊ नये, ही त्यामागची कल्पना. महिंद्रांनी १९४० च्या दशकाअखेर मुंबईत विलिस जीप जुळविण्यास आरंभ केला, तिलाही पुढे-मागे पाटेच होते. १९८५ साली आलेल्या जिप्सीलाही चारी चाकांवर पाटे होते. २०१० च्या थारला निदान मागे तरी ते राहिले होते. २०२० च्या थारमध्ये मात्र चहूकडे गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या.

या पाट्यांचे गणित आठवी-नववीच्या मुलास समजेल इतके सोपे आहे. सारख्या जाडीचे पाच पाटे असतील आणि सहावा घातला, तर ताठरपणा पाचव्या हिश्श्याने वाढतो. परंतु जाडीचा परिणाम घनाने होतो. ६ मिलिमीटर जाडीचे पाटे काढून तितकेच पण ८ मिलिमीटरचे घातले, तर ताठरपणा जवळजवळ २.४ पट होतो. गुंडाळीच्या स्प्रिंगेत तर तारेच्या व्यासाचा चौथा घात येतो. ‘थोडी जाड घाला’ असे गिऱ्हाईक सहज बोलून जाते, त्या ‘थोडी’चा अर्थ हा असा आहे.

डिचोलीत पाटे वाढविण्याची सवय खाणींनी लावली, असे आमचे निरीक्षण आहे. खनिज भरून नदीकाठच्या जेटीकडे जाणाऱ्या मालमोटारींना ताठ पाटे हवेतच. तेथे तो शहाणपणाच होता. त्याच मालमोटारी रिकाम्या परतताना उड्या मारीत, ब्रेक दाबला की मागची चाके जमीन सोडीत. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, मधे काही काळ चालू होऊन मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. आता लिलाव झालेल्या काही पट्ट्यांत काम सुरू झाले आहे. खाणी थांबल्या तरी ‘पाटा वाढवा’ हा सल्ला थांबला नाही. तो जीपगाड्यांकडे आला.

आणि येथेच खरी अडचण आहे. आमच्या वाड्यांवर जी जीप सोमवारी चिरे वाहते, तीच मंगळवारी रात्री दिवस भरलेल्या बाईला घेऊन इस्पितळाकडे धावते. चिऱ्यांना धक्क्याचे काही नसते. चिऱ्यांसाठी ताठ केलेल्या गाडीत त्या बाईला सड्यावरचे चार मैल कसे जात असतील, ते तिच्या उशाशी बसलेल्या सासूलाच विचारावे. आमचा एक जुना विद्यार्थी डिचोलीत गॅरेज चालवितो. (निबंधात त्याला कधी चाळीसच्या वर गुण पडले नाहीत.) त्याने यावर योजलेला उपाय नवा नाही, पण नेटका आहे. मुख्य पाटे मऊच ठेवावयाचे आणि एक जाड मदतनीस पाटा मूळ पाट्यांपासून दोन बोटे अंतरावर बसवावयाचा. गाडी भरली म्हणजे तो टेकतो व ओझे उचलतो; माणसेच असली तर त्याला काही काम नाही. ‘सर, गाडीत काय घालणार ते लोक सांगतात, कोण बसणार ते मला विचारून घ्यावे लागते,’ असे तो म्हणाला. या वाक्याला मात्र आम्ही पूर्ण गुण दिले असते.

स्प्रिंग ओझे पेलते. तिचे उसळणे आवरणारा शॉकॲब्सॉर्बर निराळा. त्यातील दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल दाबतो आणि उसळीची शक्ती उष्णतेत खर्ची पडते. पन्हाळी पत्र्यासारख्या खळ्या पडलेल्या खाणरस्त्यावर गाडी वेगात हाकली की हे तेल तापते, फेसाळते, आणि अर्ध्या तासापूर्वी शहाण्यासारखी वागणारी गाडी वळणावर बहकते. अशा रस्त्यासाठी शॉकॲब्सॉर्बर दमदार हवा. सड्यावरच्या उंचसखल दगडांत उलट आहे. तेथे वेग नसतोच. तेथे पाटे मऊ आणि चाकाला खाली लोंबण्यास भरपूर मोकळीक पाहिजे, कारण चारांपैकी एक चाक अधांतरी राहिले की इंजिनाची सारी शक्ती तेच फिरविण्यात वाया जाते. खेरीतल्या माडांमधून जाणाऱ्या रेताड वाटेवर पाट्यांना हात लावण्याचे कारणच नाही. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग होय. त्यातली हवा तिसापासून पंधरा-अठरा पौंडांवर आणावी, आणि डांबरी सडकेला लागण्यापूर्वी पुन्हा भरावी. मात्र पाहुण्यांनी याचा अर्थ समुद्रकिनारा असा घेऊ नये. किनाऱ्यावर गाडी नेण्यास गोव्यात बंदी आहे, आणि मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्या वाळूत चालण्याजोगी गाडी जुळविता येत नाही.

खाजनाच्या चिखलाबद्दल तरुणांची समजूत अशी की, गाडी जितकी उंच तितकी बरी. १९९७ साली मलेशियात सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही शर्यत २०१४ पासून गोव्याच्या पावसातही भरू लागली, आणि त्यातील उंच गाड्या पाहून पोरांचे डोळे फिरले. त्या गाड्यांना लोखंडी पिंजरे असतात, चालकाला चारपदरी पट्टे असतात, हे त्यांनी पाहिले नाही. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने पाट्यांच्या टोकांना लांब शॅकल लावून जीप वर उचलली. शॅकल लांब केला की पुढच्या कण्याचा कल बदलतो आणि स्टिअरिंग सरळ राहत नाही. ब्रेकची नळी ताणली जाते. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. बांधावरून जाताना मातीचा काठ जरा खचला आणि गाडी कुशीवर शेतात पडली. गुडघाभर पाणी होते म्हणून हातावर निभावले. मूळ उंचीची गाडी त्याच बांधावरून रोज जाते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. विम्याचा प्रश्न उभा राहिला की हे कलम सर्वांना तोंडपाठ होते.

मऊ आणि तरी आवरलेली गाडी करता येते, हे फ्रेंचांनी दाखवून दिले आहे. सित्रोएन कंपनीच्या बुलांजे यांनी आपल्या अभियंत्यांना सांगितले होते की, अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून गाडी न्यावी आणि एकही अंडे फुटू नये. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या ‘दोन घोड्यांच्या’ त्या गाडीत एका कुशीची पुढची व मागची चाके स्प्रिंगांनी एकमेकांशी जोडलेली होती. शर्यतीसाठी नव्हे, शेतकऱ्याला बाजारी जाण्यासाठी ती होती. आमच्या मोरडीवरून पेडण्याच्या बाजारात अंडी नेणाऱ्या बायांना ती फार आवडली असती.

पावसाळा सरला की गाडी उचलून पाटे धुवावेत. खाणीची तांबडी माती त्यांच्या फटींत बसते आणि सहाणेसारखी पोलाद घासते. बुश पाहावेत, मधला बोल्ट पाहावा. नवे पाटे बसविले असतील तर दोन-तीनशे किलोमीटर गेल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, कारण पाटे एकमेकांवर बसले की ते सैल होतात. पेडण्याकडची गिऱ्हाइके एवढ्यासाठी डिचोलीला फिरकत नाहीत, म्हणून आमचा विद्यार्थी हल्ली पैसे घेताना त्या बोल्टांच्या मापाचा पाना त्यांच्या हाती देतो आणि तारीख वहीत लिहून ठेवतो.